नऊ अधिक आठ बरोबर एक

मंगळवार, १ जुलै १९८६

विमा एजंटने जानेवारीत दिलेल्या या डायरीत सहा महिने मी फक्त धोब्याचे कपडे लिहिले. आजपासून तिला जरा बरं काम देते. घरात दोन माणसं आहेत, एकाला नीट बोलता येत नाही आणि दुसऱ्याला बोलायचं नाही. मग मी बोलू कुणाशी?

नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आज दवाखान्यातून घरी आणलं. डावा हात अजून मेल्यासारखा पडून आहे, तोंड डावीकडे किंचित उतरलंय, शब्द जड येतात. पण डोळे तेच, दुसऱ्याची चूक पकडायला बसल्यासारखे. सासूबाई गेल्यानंतरही मुलुंडच्या या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत त्यांचा तबल्याचा क्लास चालायचा. सतरंजी तिथेच आहे, तबला-डग्गा कोपऱ्यात खोळीत आहेत. त्यांची कॉट मी मुद्दाम तिथेच लावली.

संध्याकाळी डॉक्टर धनेश्वर येऊन गेले. मधुकर तेव्हा औषधं आणायला गेला होता. डॉक्टरांनी नाव विचारलं. "श्यामकांत." वार विचारला, बरोबर. पंतप्रधान विचारला, बरोबर. मी मनात म्हटलं, सुटलो. मग त्यांनी विचारलं, "नाना, सात आणि सहा?" "तेरा." "नऊ आणि सात?" "सोळा." "नऊ आणि आठ?"

नाना थांबले. उजव्या हाताची बोटं कॉटच्या कडेवर हलली. "एक," म्हणाले, आणि चक्क हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

डॉक्टर दाराशी येऊन हळूच म्हणाले, "मेंदूला किती लागलंय ते आताच नाही सांगता येणार. रोज चार-पाच बेरजा विचारत जा. तुम्ही गणिताच्याच बाई आहात ना?"

आहे खरी. पंधरा वर्षं मुलांच्या चुका तपासते आहे. सतराचा एक करणारा अजून भेटला नव्हता.

गुरुवार, ३ जुलै

काम मनावर घेतलंय. शाळेतून आले की चहा, चहानंतर बेरजा. मधुकर तेव्हा आतल्या खोलीत जाऊन बसतो. म्हणतो, "तू विचार. मला नाही बघवत." बँकेत दिवसभर आकड्यांत असतो, पण वडिलांचा एक आकडा त्याला ऐकवत नाही. (हो, मी त्याला लग्नाआधीपासून मधुकरच म्हणते. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं.)

सहा आणि पाच, अकरा. आठ आणि आठ, सोळा. चौदा आणि सहा, चार. बारा आणि नऊ, पाच.

लहान बेरजा झकास, मोठ्या आल्या की वाट लागते. मला वाटतं ते हातचा विसरतात. चौदा आणि सहा वीस, त्यातलं काहीतरी गळून चार उरतात. पण काय गळतं ते मला कळत नाही. सातवीतला मुलगा असता तर मी त्याची चूक एका मिनिटात शोधली असती.

मंगळवार, ८ जुलै

शाळेत आज तमाशा. आठवीला नव्या अभ्यासक्रमातली द्विमान संख्यापद्धती सुरू केली. फक्त शून्य आणि एक, दोनच अंक. दोन लिहायला अंकच नाही, म्हणून एक अधिक एक लिहायचं एक-शून्य. मुलांनी ते घरी जाऊन "एक अधिक एक दहा" असं सांगितलं. झालं. आज एका मुलाचे वडील मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये हजर. पाच रस्त्याच्या चौकात त्यांचं किराणा दुकान आहे.

"बाई, माझ्या मुलाला उद्या गल्ल्यावर बसायचंय. हे काय शिकवता तुम्ही?"

मी म्हटलं, "अहो, ते दहा नाही, एक-शून्य आहे. बेरीज तीच, मोजायची रीत वेगळी. तुम्ही डझनाने अंडी विकता आणि किलोने साखर, तसंच. आधी विचारायचं, कुठल्या रीतीने मोजताय? मग उत्तर द्यायचं."

ते म्हणाले, "माझ्याकडे अंडी नसतात, आम्ही शाकाहारी आहोत." मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते, बहुतेक हसू दाबत होते. शेवटी मला म्हणाले, "बाई, जरा सांभाळून शिकवा." सांभाळून म्हणजे कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर नाना: पंधरा आणि पंधरा, चौदा.

दोन आकडे मिळवून उत्तर दोन्हींपेक्षा लहान! शाळेतलं सगळं बळ तिथेच संपलं. आत जाऊन मी तोंडावर पाणी मारलं.

शुक्रवार, ११ जुलै

नाना आता हाक मारली तरी लगेच बघत नाहीत. शेजारच्या शेवंतीबाई दुपारी त्यांच्याजवळ बसतात, त्याही तेच म्हणाल्या. "जेवायला हाक मारली ना वहिनी, तर बोट वर करतात. थांब म्हणून. मग जरा वेळाने बघतात, जसे काय आताच आले." मध्येच उजवा हात हवेत उघडतात, तळवा वर करून, जसं कुणाला काहीतरी देतायत. पुन्हा बोटं कॉटच्या कडेवर.

मी तो हात हातात घेऊन थांबवला, तर रागावले. जोरात ओढून घेतला. पूर्वी नाना माझ्यावर कधी रागावले नव्हते. मला फार लागलं ते.

रविवार, १३ जुलै

दादा आले होते बोरिवलीहून. दादा म्हणजे मधुकरचा मोठा भाऊ, चंद्रप्रकाश. फळांची पिशवी, औषधाची चौकशी, सगळं रीतसर. मग त्यांनी स्वतःच नानांना विचारलं, "नाना, वीस आणि वीस?" "आठ." दादा उठून गॅलरीत गेले. आत आले तेव्हा डोळे लाल होते, पण बोलले ते एकदम कामाचं.

"मृणालिनी, मी स्पष्टच बोलतो. तू शाळेत, मधुकर बँकेत. शेवंतीबाई किती दिवस बघणार? उद्या त्यांनी गॅस चालू ठेवला, दार उघडून निघून गेले, तर? कर्जतजवळ एक संस्था आहे, अशाच माणसांची. मी चौकशी केलीय. जागा होतेय."

"अशाच म्हणजे कशा?" मी विचारलं.

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

डॉक्टरांनी लिहून दिलं की भान राहिलं नाही, तर घेतात म्हणे. दादा सत्तावीस तारखेच्या रविवारी पुन्हा येणार, डॉक्टरांनाही तेव्हाच बोलवायचं. त्या दिवशी ठरेल. नाहीतर मी शाळा सोडायची. दादा हे बोलले नाहीत, पण दुसरा रस्ता तेवढाच आहे.

मी रागावले असते, पण दादांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. मधुकर पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होता. नाना आमच्याकडे बघत होते. किती कळलं त्यांना, देव जाणे.

सोमवार, १४ जुलै

सोळा आणि एक, एक. आज पुढे विचारलंच नाही.

गुरुवार, १७ जुलै

एकादशी. साबुदाणा भिजायचा राहिला, खिचडी दगड झाली. मधुकरने निमूट खाल्ली. नानांनी अर्धी ठेवली, म्हणजे चव तरी शाबूत आहे.

काल शाळेत मात्र मजा आली. द्विमान झालं, आता घड्याळाची बेरीज. फळ्यावर मोठं घड्याळ काढलं आणि विचारलं, "नऊ वाजता निघालात, पाच तास चाललात, किती वाजले?" सगळा वर्ग, "दोन!" "मग नऊ अधिक पाच किती?" मागच्या बाकावरून एक मुलगी घाबरत म्हणाली, "दोन?" मी म्हटलं, "शाब्बास. घड्याळात बारा झाले की पुन्हा एकपासून. चौदा नावाचा आकडाच तिथे नाही." ते सगळ्यांना एकदम कळलं, आणि मग थांबेनातच. अकरा अधिक तीन दोन, दहा अधिक दहा आठ. दुकानदाराचा मुलगा सगळ्यात पुढे ओरडत होता.

किती सोपं असतं, पोरांना कळायला लागलं की. शाळेत मी मुलांना सांगते, बेरीज चुकली म्हणण्याआधी विचारा, ती कुठली आहे. आणि घरी येऊन नानांच्या एकेका उत्तराने खचते. मुलांचं डोकं उमलतंय आणि नानांचं मिटतंय, असा हा महिना चाललाय.

शनिवार, १९ जुलै

मधुकरशी भांडण झालं. मी म्हटलं, मी शाळा सोडते, नानांना कुठे पाठवायचं नाही. तो म्हणाला, "आणि मग वर्षभराने मला बोलशील, माझी नोकरी गेली म्हणून." मी म्हटलं, "बोलेन. पण ते इथे असतील ना!" तेव्हा तो म्हणाला, "मी दहा वर्षांचा असताना त्यांना सांगितलं, मला नाही शिकायचं तबला. एक बोल चुकला की 'पुन्हा पहिल्यापासून', दुसरा चुकला की 'पुन्हा पहिल्यापासून'. एक दिवस उठलो तो उठलोच. त्यांनी परत कधी बस म्हटलं नाही. आता पाठवू म्हणतोय दादा, आणि मी त्यांच्यासमोर एकदाही नीट बसलो नाहीये मृणाल."

मी चहा केला.

सोमवारी गुरुपौर्णिमा. दरवर्षी शिष्य येतात, वाजवतात, जेवून जातात. यंदा सगळ्यांना नको म्हणून निरोप धाडले. नानांना असं कुणी बघायला नको.

सोमवार, २१ जुलै, गुरुपौर्णिमा

घाईत लिहितेय, अक्षर बघू नये.

अनुपमाला निरोप मिळाला नव्हता, किंवा मिळूनही ती आली. नानांकडे शिकलेली एकटीच मुलगी. नऊ वर्षं शिकली, आता घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असते. हार, नारळ, पेढे, केळ्यांचा घड, आणि वर तोंडभर हसू. मधुकरने आज रजा घेतली होती, दार त्यानेच उघडलं.

तिने नानांच्या पायावर डोकं ठेवलं. नानांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो उचलेनात, तिथेच ठेवून बसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तर वहिनी, बरे दिसतायत की नाना! मला वाटलं होतं काय आणि काय."

मला राहवेना. तिला खरं कळायला हवं होतं. तिच्याशी खोटं हसत बसायची ताकद माझ्यात नव्हती. मी नानांना विचारलं, "नाना, बारा आणि नऊ?"

बोटं कॉटच्या कडेवर हलली. "पाच."

मी अनुपमाकडे बघितलं, बघ म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली, पुढचं ऐकायला.

"हो, पाच," ती म्हणाली. "मग?"

"अगं, बारा आणि नऊ एकवीस!"

"एकवीसच की. म्हणजे पाच. सोळा गेले ना."

"कुठे गेले?"

"वहिनी, तीनतालाच्या मात्रा सोळा. सोळा झाल्या की पुन्हा एक. सतरावी मात्रा कुठे असते? बाराव्या मात्रेवरून नऊ पुढे गेलं की पाचवीवर येतो." ती नानांकडे वळली. "नऊ वर्षं मला हेच विचारलंत ना हो? 'नवव्यावरून आठ, कुठे येशील?' समेवर! पहिल्या मात्रेवर."

नाना अर्ध्या तोंडाने हसले. तेच हसू, पहिल्या दिवसाचं. सम आली की वाजवणारा हसतो, ते हसू.

मी सतरंजीवर खाली बसले. बारा झाले की पुन्हा एकपासून, चौदा नावाचा आकडाच तिथे नाही. गेल्याच आठवड्यात मी चाळीस मुलांना घसा फोडून सांगितलं होतं हे! पंधरा आणि पंधरा तीस, तिसातून सोळा गेले, चौदा. वीस आणि वीस चाळीस, दोनदा सोळा गेले, आठ. एकही चूक नाही. तीन आठवडे एकही नाही. ती कडेवर चालणारी बोटं म्हणजे ठेका होता. वर केलेलं बोट म्हणजे 'थांब, आवर्तन पुरं होऊ दे'. आणि हवेत उघडलेला तळवा म्हणजे 'खाली', टाळीऐवजी हात मोकळा सोडायची नववी मात्रा. अनुपमाने मला करून दाखवला. तोच हात मी मध्ये धरून थांबवला होता, मग रागावतील नाही तर काय!

मधुकर भिंतीला टेकला होता. म्हणाला, "मलाही विचारायचे. जेवताना. शाळेत जाताना. मी आत जाऊन बसत होतो गं. एकदा जरी इथे बसून ऐकलं असतं तर मला कळलं असतं."

तरी माझ्या मनात शेवटची भीती होतीच. ताल शाबूत असेल, पण बाकीचं? साधी, व्यवहारातली बेरीज? समोर अनुपमाचा घड होता.

"नाना," मी म्हटलं, "घरात बारा केळी आहेत, अनुपमाने नऊ आणली. केळी किती झाली?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मूर्ख प्रश्न विचारणाऱ्या शिष्याकडे बघायचे तसं. आणि एकेक शब्द ओढत म्हणाले, "एकवीस. एवढी... कोण खाणार?"

मी हसायला लागले आणि थांबेना. हसता हसता रडायला लागले, तेही थांबेना. मधुकर येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. अनुपमाला वाटलं आमचं दोघांचं डोकं फिरलंय. मग तीही हसायला लागली. पेढे सगळ्यांनी खाल्ले. मी चार खाल्ले, साध्या मोजणीने.

मंगळवार, २२ जुलै

शाळेतून आले आणि नानांजवळ बसले. विचारलं, "डॉक्टर साधं विचारत होते हो. तुम्ही मात्रा का मोजल्यात?"

बराच वेळ लागला त्यांना सांगायला. मी मध्ये शब्द भरले नाहीत, ते स्वतःच शोधू दिले. त्यांचं म्हणणं असं. झटका आला, शुद्धीवर आले, डावा हात उचलेना. पहिला विचार आला, तबला गेला. आता आत तरी राहिलाय का? तेव्हापासून ते सारखे मोजतायत. झोपून, जेवताना, शेवंतीबाई बोलत असताना. एक आवर्तन, दुसरं आवर्तन. "थांबलो तर... जाईल, वाटलं." आणि नेमके डॉक्टर आले आणि म्हणाले, नऊ आणि आठ. आयुष्यभर त्यांनी ज्याला-त्याला घातलेला प्रश्न. त्यांना वाटलं, डॉक्टर तेच बघतायत, तबला राहिलाय का.

"सगळी... बरोबर दिली," नाना म्हणाले. "तरी तुम्ही... रडता. वाटलं, हाताचं रडताय."

आम्ही त्यांच्या डोक्यासाठी रडत होतो आणि ते आम्हाला उत्तरं बरोबर देऊन धीर देत होते. रोज. चहानंतर.

मी कर्जतचंही सांगून टाकलं. लपवायचं कशाला? ते म्हणाले, "कळलं होतं." एवढंच. ते ऐकून मात्र मला पुन्हा रडू आलं, आणि या वेळी त्यांनी मला गप्प केलं.

गुरुवार, २४ जुलै

आठवीला आज सोळाचं घड्याळ दिलं. मुलं म्हणाली, असं घड्याळ कुठे असतं बाई? मी म्हटलं, आमच्या पुढच्या खोलीत. टाळ्या वाजवून मोजलं, नववीवर तळवा उघडायचा. शेजारच्या वर्गातून निरोप आला, बाई, जरा हळू.

रविवार, २७ जुलै

दादा दहाला आले. मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. फोनवर मला पटवता आलं नसतं आणि त्यांना पटलं नसतं. नानांचं काही सांगता येत नाही. मूड नसला तर तोंडच उघडणार नाहीत.

डॉक्टर धनेश्वर साडेदहाला. त्यांना मी दारातच सगळं सांगितलं. दोनदा ऐकलं त्यांनी, मग मान हलवत कॉटजवळ बसले. "बघू. नाना, शंभरातून सात गेले?"

दादा उभेच होते. मधुकरने माझा हात धरला, भावासमोर, हे एरवी तो करत नाही.

नाना म्हणाले, "कसले?"

"काय कसले?"

"मात्रा... की नुसते?"

डॉक्टर मोठ्याने हसले. "नुसते, नाना. नुसते."

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

"शह्याऐंशी."

"एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," नाना स्वतःच पुढे गेले, जड जिभेने पण न थांबता. मग डॉक्टरांनी हात वर केले, "पुरे, पुरे! आता मलाच पुढे येईना." आणि कुतूहल म्हणून विचारलं, "आणि मात्रा असत्या तर?"

नानांची बोटं हलली. "तेरा."

मी मनातल्या मनात पाच वेळा सोळा वजा केले. तेरा. बरोबर आहे.

डॉक्टर म्हणाले, असली चिठ्ठी मी लिहिणार नाही, उलट व्यायाम लिहून देतो. दादा खुर्चीत बसले. इतका वेळ ताठ उभे होते, एकदम बसले. "मला काय हौस होती का रे मधुकर?" म्हणाले, आणि तोंडावर रुमाल धरला. मला त्यांच्याबद्दल जो थोडा राग उरला होता तो तिथेच संपला. जाताना म्हणाले, "कर्जतला आजच फोन करतो, जागा नको म्हणून. आणि मृणालिनी, मला वीस आणि वीस आठ कसे ते नीट समजावून सांग एकदा, घरी सांगायला हवं." शिकवलं. बुद्धी बरी आहे त्यांची.

शेवंतीबाई दुपारी थांबायला तयार आहेत, अनुपमा शनिवारी येत जाईल. माझी शाळा चालू. किती दिवसांनी आज दुपारी मी गाढ झोपले. उठले तर चहा मधुकरने केलेला.

रविवार, ३ ऑगस्ट

श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणून मधुकर सकाळीच मासळी आणायला बाजारात गेला. मी कणीक मळत होते. पुढच्या खोलीतून आवाज आला, ना. थोड्या वेळाने पुन्हा, ना.

जाऊन बघितलं तर नाना कॉटवरून सतरंजीवर उतरले होते. कसे उतरले, देव जाणे. शेवंतीबाई शेजारी उभ्या, अपराध्यासारख्या. तबल्याची खोळ काढलेली. उजवा हात तबल्यावर, डावा मांडीवर. डावीकडे डग्गा तसाच, कुणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. ना, ना, ना. एका हाताचं वाजवणं कोरडं लागत होतं. नानांना ते माझ्याआधी कळत होतं. सम आली तरी ते हसले नाहीत.

तेवढ्यात मधुकर आला, हातात मासळीची पिशवी. दारातच थांबला. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली, मोरीत जाऊन हात धुतले, दोनदा धुतले साबण लावून, आणि येऊन नानांच्या डावीकडे बसला. डग्गा आपल्याकडे ओढला.

नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "बाई. ना... आणि गे. किती?"

"दोन बोल झाले," मी म्हटलं.

"एक." आणि मधुकरला म्हणाले, "गे."

मधुकरने डग्ग्यावर हात मारला. ओबडधोबड, बद्द वाजलं. नानांनी मान हलवली, त्याचं मनगट उजव्या हाताने धरून जागेवर ठेवलं, मग दोघांनी एकदम. ना इकडून, गे तिकडून. आणि खोलीत एकच आवाज भरला, धा. मी तो आवाज या घरात बारा वर्षं ऐकतेय, पण तो दोघांचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. शेवंतीबाईही "अगो बाई" म्हणाल्या.

मग ठेका. धा धिं धिं धा. नाना मोजत होते, मी मोजत होते, मधुकरचे ओठ हलत होते. नववीला त्याने हात उचलला, बरोबर उचलला, म्हणजे तीस वर्षं झाली तरी कुठेतरी होतं ते. पण पुढे घाई झाली आणि सम यायच्या आधीच त्याने गे मारला. दोन्ही हात वेगळे पडले.

नाना थांबले. मला ठाऊक होतं आता काय म्हणणार ते.

"पुन्हा... पहिल्यापासून."

बांगडे ओट्यावर तसेच पडले होते, कणीक वरून सुकत होती, बारा वाजून गेले तरी जेवणाचा पत्ता नव्हता. मधुकर उठला नाही.